दुसरा ब्रेक

डावी नाडी उशिरा आली. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर, आणि आली तीही बारीक, आत यावं की परत फिरावं अशा बेताने. वडिलांची दोन्ही मनगटं तिच्या दोन हातांत होती. धरायला तसं कारण काही नव्हतं. गुरुवारी दुपारी हॉस्पिटलमधून लवकर सुटल्यामुळे ती आईवडिलांकडे डोकावली, वडील खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते, तिने समोरच्या स्टुलावर बसत त्यांचे हात हातात घेतले, एवढंच. बावीस वर्षं लोकांच्या छात्या उघडून फाटलेल्या रक्तवाहिन्या शिवल्यावर बोटांना एक चाळा लागतो. कुणीही भेटलं तरी ती आपसूक मनगटाकडे सरकतात. मैत्रिणी म्हणायच्या, हिच्याशी हात मिळवणं म्हणजे तपासणीच. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "काय गं, चोर धरल्यासारखे दोन्ही हात धरलेस ते?" हे ते घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले. सोमवारी फोनवरही त्यांचा आवाज असाच होता. त्या वेळी ते तिच्या कानाला कळलं होतं, डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता त्यांच्या उजव्या मनगटात एक ठोका, मग डाव्या मनगटात त्याचा मागे राहिलेला भाऊ, असं तिने वीस वेळा मोजलं. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, चहात साखर किती, आणि तिने रोजच्या आवाजात सांगितलं, अर्धा चमचा.

सोमवारी फोन आला तेव्हा ती घरी सोडायच्या पेशंटांच्या कागदांवर सह्या करत होती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, पेन हातात. वडील म्हणाले, काल गाडी जरा दुभाजकाला घासली, ब्रेक अंमळ जोरात लागला, स्टिअरिंग छातीवर आपटलं, दुखतंय थोडं. ती म्हणाली, श्वास घेताना दुखतंय का? हो. मग मुका मार असेल बाबा, गोळी घ्या, शेका. आणि आवाज का बसलाय? गार पाणी प्यायलात ना? छे गं. बरं, मग गुळण्या करा मिठाच्या पाण्याच्या. सगळा फोन दोन मिनिटांचा, नाही तर अडीच. छातीला मार लागून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला, तो अजून स्ट्रेचरवर असतानाच, ती एक प्रश्न पहिला विचारायची: किती वेगात होता? नाव नंतर, वय नंतर. हाताखालच्या डॉक्टरांना तिने हे इतकं घोकवलं होतं की तिच्यामागे ते तिची नक्कल करताना तेवढंच वाक्य म्हणत. आणि तोच प्रश्न तिने सख्ख्या बापाला विचारला नाही. विचारायचं काय? वडिलांचा वेग सगळ्या गावाला माहीत होता.

वडिलांनी अडतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. पिवळी गाडी, छतावर पाटी, आणि शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसेच आणखी दोन पेडल शेजारच्या सीटच्या पायाशी: एक क्लच, एक ब्रेक. शेजारच्या सीटवर वडील. निम्म्या शहराने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता, आणि गाडी चाळीसच्या वर गेली की त्यांचा पाय खाली जायचा म्हणून त्यांना चाळीसमास्तर असं नाव पडलं होतं. बँकेत, बाजारात, कुठेही कुणीतरी केस पिकलेला माणूस पुढे येऊन म्हणायचा, ओळखलंत का मास्तर, तुम्ही मला गोल चक्कर सात वेळा मारायला लावली होती. वडील म्हणायचे, मग जमली ना? तीही तिथेच शिकली, अठराव्या वर्षी, आणि मुलगी म्हणून काडीची सवलत मिळाली नाही. तिला आठवायचं ते रागावणं नाही, ते थांबणं. वडील सांगायचे, ब्रेक कुणीही मारतं. मारायचा नाही, लावायचा. पायाखाली अंडं आहे असं समजून दाबत न्यायचा, आणि शेवटच्या इंचाला पाय किंचित सोडायचा. सोडला की गाडी थांबल्याचं आतल्या माणसाला कळतच नाही. ती दाबायची आणि दाबूनच ठेवायची. गाडी थांबताना मान पुढे जाऊन मागे यायची. शेवटच्या इंचाला, वडील म्हणायचे. परत. दिवसभर परत. त्या उन्हाळ्यात तिला या इंचाचा इतका तिटकारा आला होता की तिने ठरवलं, आपण अशा कामात पडायचं जिथे बाबांना काही कळणार नाही. आणि पडली तेही नेमक्या थांबवण्याच्याच कामात.

कारण महाधमनी शिवायची तर आधी ती थांबवावी लागते. हृदयातून निघालेली ती जाडजूड नळी वर जाते, कमान घेते आणि पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते. कमान संपते तिथे ती जखडलेली असते, त्याच्या अलीकडे मोकळी. गाडी आदळून थांबते, माणूस थांबतो, पण आतलं सगळं एकदम थांबत नाही; मोकळा भाग पुढे जातो, जखडलेला मागे राहतो, आणि सांध्याशी नळी फाटते. आतले दोन थर फाटतात. बाहेरचा तिसरा राहतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा, आणि कधी कधी तेवढ्यावर सगळं रक्त अडतं. असा माणूस उठतो, कपडे झटकतो, काही झालं नाही म्हणतो, घरी जाऊन जेवतो. आवाजाची एक नस त्या कमानीखालून वळसा घेऊन घशाकडे जाते. पापुद्रा फुगला की ती ताणली जाते आणि आवाज बसतो. डाव्या हाताची वाट तिथूनच फुटते. ती अरुंद झाली की डावी नाडी मागे पडते. हे ती दर वर्षी नव्या मुलामुलींना फळ्यावर काढून दाखवायची. आणि तिचा बाप चार दिवस त्या पापुद्र्यावर पेपर वाचत, गुळण्या करत बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती जवळ असतो, हे तिला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

तिने आरडाओरडा केला नाही. चहा प्यायली. मग म्हणाली, चला बाबा, जरा फोटो काढून येऊ छातीचा. अँब्युलन्स यायला वीस मिनिटं, हॉस्पिटल सात मिनिटांवर. तिने मनात हिशेब केला आणि किल्ली उचलली. वडील म्हणाले, मी चालवतो. ती म्हणाली, नाही. इतकं तुटक की आईने मागून तिच्याकडे बघितलं आणि न विचारता पर्स घेऊन निघाली. ती सात मिनिटं तिला पुढे किती तरी दिवस चालवावी लागणार होती. रस्ता पायाखालचा, पण त्या दिवशी त्याच्यावर जागोजाग काहीतरी उभं होतं: एक सायकल, एक वळणारी बस, मध्येच थांबलेली बाई. प्रत्येक ब्रेकला तिला शेजारच्या सीटवरचा तो पापुद्रा दिसायचा, पुढे जाणारा, ताणणारा. ती पंचवीसने चालवत होती. मागचे हॉर्न वाजवत होते. आणि शेजारी वडिलांचा उजवा पाय सवयीने समोरच्या रबरी पायपुसण्यावर दाबला जात होता, जिथे पेडल नव्हतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तो पाय निवृत्त झाला नव्हता. शेवटच्या सिग्नलला तिने पायाखाली अंडं धरलं, दाबत नेलं, आणि शेवटच्या इंचाला सोडलं. वडील खिडकीबाहेर बघत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आत्ता जमलं बघ तुला." ती बावन्न वर्षांची होती. डोळ्यांत पाणी आलं तेही तिने हिरवा दिवा लागेपर्यंत तसंच राहू दिलं, कारण पुसायला हात स्टिअरिंगवरून काढावा लागला असता.

तपासणीत होतं ते सगळं दिसलं. हल्ली बऱ्याच जणांची छाती उघडावी लागत नाही. जांघेतून एक नळी वर सरकवून आतून अस्तर लावता येतं. पण वडिलांच्या पायांच्या रक्तवाहिन्या चुना धरून अरुंद झालेल्या, वाट वळणावळणाची. तिथून काही वर चढलं नसतं. म्हणजे छाती उघडायची, फाटलेल्या जागेच्या वर आणि खाली चिमटे लावायचे, मधला तुकडा काढून कापडी नळी शिवायची. तेवढा वेळ खालच्या अर्ध्या शरीराला पंपाने रक्त द्यायचं. दिलं तरी कण्यातल्या मज्जेला ते पुरेल याची हमी नसते. चिमटा जितकी मिनिटं, तितका धोका. आणि काढताना घाई झाली तर तिथेही रक्तदाब कोसळून घात होतो. काही माणसं जगून उठतात आणि त्यांचे पाय उठत नाहीत. रात्र औषधांवर काढायची ठरली, रक्तदाब खाली ठेवायचा, सकाळी पहिलं ऑपरेशन. नर्सला सूचना होती की पेशंटला चिडू द्यायचं नाही. आई म्हणाली, मग मी बाहेरच बसते.

सकाळी सातला ती कपडे बदलायच्या खोलीकडे निघाली होती. ठरवून नाही; पाय नेहमीच्या दिशेने चालले होते. दारात भूल देणारा डॉक्टर उभा होता, तिच्याच वर्गातला, टक्कल पडलेला, गेली पंधरा वर्षं तिच्या प्रत्येक ऑपरेशनला उशाशी बसणारा. तो म्हणाला, "कुठे?"

"नुसती उभी राहीन. हात लावणार नाही."

"तू आणि हात लावणार नाहीस?"

"मोठे डॉक्टर बाहेरगावी आहेत. दुसरं हॉस्पिटल अडीच तासांवर. कोण करणार?"

"खार करेल. तू आत आलीस तर मी भूल देणार नाही. सरळ सांगतो."

खार म्हणजे तिच्या हाताखालची डॉक्टर. चपळ, बारीक, समोरचे दोन दात जरा पुढे. हे नाव तिचं तिनेच हसत स्वीकारलेलं. आठ वर्षं झाली होती तिला इथे. अशी अकरा ऑपरेशनं दोघींनी मिळून केली होती. टाके खारीचे उत्तम पडायचे, तिच्यापेक्षाही एकसारखे, हे ती मनात मान्य करायची, तोंडाने नाही. पण चिमटा काढायची वेळ आली की खारीच्या आधी तिचा हात पुढे यायचा. अकराच्या अकरा वेळा. ती म्हणायची, थांब, हे मी करते. खार हात मागे घ्यायची. चिमटा एकदम सोडला तर शरीरातलं रक्त खाली धावतं आणि वरचं हृदय कोरडं पडतं. तो चिमट्याच्या खाचेतल्या एका दाताएवढा सैल करायचा, थांबायचं, भूलवाल्याकडे बघायचं, पुन्हा दाताएवढा. तिने हे खारीला शंभर वेळा सांगितलं होतं आणि एकदाही करू दिलं नव्हतं. म्हणजे तिच्याही पायाशी एक दुसरा ब्रेक होताच. फरक इतकाच की वडील निदान परीक्षेच्या दिवशी गाडीतून उतरायचे.

मग संमतीचा कागद आला. तसे कागद रोज दुसरे लोक भरायचे. ती समोर उभी राहून समजावायची आणि ते ऐकल्यासारखं करून सही करायचे. तिने कागद घेतला, न वाचता थेट शेवटाकडे गेली आणि सही ठोकली. खार काही क्षण तो कागद बघत राहिली. मग जाऊन दुसरा कोरा घेऊन आली. पहिल्यावर तिने शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या रेघेवर सही केली होती. दुसऱ्यावर तिने 'नातेवाईक' असं छापलेली जागा शोधली, पुढे नातं विचारलं होतं, तिथे मुलगी असं लिहिलं, आणि ते अक्षर तिला शाळेतल्या वहीतलं वाटलं. खार म्हणाली, "मॅडम, काही सांगायचंय?" सांगायचं इतकं होतं की त्याला एक दिवस लागला असता. ती म्हणाली, "नाही. तुला येतं सगळं."

चौथ्या मजल्यावरच्या त्या पॅसेजमध्ये ती रोज दहा वेळा यायची आणि तिथे खुर्च्या आहेत हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण खुर्च्यांवर माणसं असायची आणि ती माणसांकडे बघायची. आता कळलं की तिसऱ्या खुर्चीचा स्क्रू ढिला आहे आणि हललं की ती करकरते, की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, की दार उघडलं की आतून येणारा गार वास बाहेरच्या माणसाला थेट पोटात लागतो. एक सफाईवाली बाई पुसत पुसत आली, तिला बघून चपापली, फडकं मागे घेत म्हणाली, मॅडम तुम्ही इथे? ती म्हणाली, हो, आज इथे. बाईने मान हलवली आणि तिच्या पायांभोवतीची फरशी सोडून पुढे पुसत गेली. आई शेजारी मांडीवर पर्स घेऊन बसली होती. आई आयुष्यभर गाडीत मागेच बसली. पुढे बसलं की हे माझ्या अंगावरसुद्धा ब्रेक लावतात, म्हणायची.

साडेआठला त्वचेवर पहिली रेघ. तिला आत काय चाललंय ते दाराआडून ऐकू येत नव्हतं आणि तरी सगळं माहीत होतं. आता उजव्या कुशीवर वळवलं असेल. आता बरगड्यांमधून वाट. आता डावं फुप्फुस मिटवलं. आता खारीचं बोट त्या कमानीखाली, पापुद्र्याच्या अलीकडे, आणि पलीकडे काय आहे हे फक्त बोटाला ठाऊक. ती जागा तिला स्वतःच्या घरापेक्षा ओळखीची. त्या उबेत, त्या धडधडीत तिचं बोट किती वेळा गेलं होतं, आणि आजपर्यंत कधी मनात आलं नव्हतं की ही कुणाची तरी ऊब आहे, त्या माणसाचं बोट धरून कुणीतरी रस्ता ओलांडला असेल. सव्वानऊच्या सुमाराला, घड्याळातली चार मिनिटं वजा करून, चिमटा लागला असणार. आत सिस्टर दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगते; हा नियम तिनेच घातला होता. पाच. बाहेर कुणी सांगत नव्हतं. तिचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता. तिने तो उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. थोड्या वेळाने बघते तर तो पुन्हा खाली, पुन्हा दाबलेला, पिंढरीत गोळा येईपर्यंत.

"तुझा पाय बघ," आई म्हणाली. "अगदी बापावर गेलीस."

दहा मिनिटं झाली असतील.

आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "घासली नव्हती गाडी."

"काय?"

"दुभाजकाला घासली नव्हती. चढली होती. सत्तरने."

आईच्या तोंडून तो आकडा निघाला आणि तिला आधी काही अर्थच लागला नाही. वडील आणि सत्तर हे दोन शब्द एका वाक्यात तिने कधी ऐकले नव्हते.

"मीच म्हटलं होतं," आई म्हणाली. "रविवारी सकाळी तो नवा उड्डाणपूल बघायला गेलो. चिटपाखरू नव्हतं वर. मी मागून म्हटलं, अहो, पन्नास वर्षं चाळीसनेच चाललोय, एकदा तरी पळवा की. गंमत म्हणून म्हटलं. यांनी गिअर बदलला. आणि पळवली गं. खिडकी उघडी होती, माझे केस सगळे उडाले. मी हसत होते, आरशात बघितलं तर हेही हसत होते. तेवढ्यात समोर कुणाच्या तरी टेंपोतून पडलेलं टायर." तिने चेन लावली. "मला म्हणाले, पोरीला वेग सांगू नकोस. चाळीसमास्तर सत्तरला आपटला असं लोक म्हणतील. मी म्हटलं, बरं. तोंड मिटून बसले चार दिवस."

करकरणारी खुर्ची गप्प होती. तिला राग यायला हवा होता आणि तो कुणाचा यावा हे ठरेना. आईचा? पन्नास वर्षांत एकदा केस उडाले तिचे. वडिलांचा? त्यांनी फोन केला होता. ज्या माणसाने कुणालाही उगीच फोन केला नाही त्याने दुखतंय म्हणून फोन केला होता, आणि ती पलीकडे सह्या करत होती. तिने एकदा जरी विचारलं असतं, किती वेगात, तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. तिला माहीत होतं, त्यांना सरळ प्रश्नाला खोटं बोलता येत नसे, ते फक्त न विचारलेलं सांगत नसत. तिने आईचा हात हातात घेतला. बोटं मनगटाकडे सरकली, तिथे ठोका होता, भरभर, घाबरलेल्या बाईचा. ती म्हणाली, "मीही विचारलं नाही, आई."

"तू डॉक्टर. तू कशाला विचारशील?"

"म्हणूनच विचारायचं असतं."

आई रडली नाही. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हसत होते पण. इतके हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं." त्यानंतर दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. पंधरा झाली, वीस झाली असतील, पंचवीस. आता वरचा सांधा पुरा, खालचा पुरा, आता गाठ. आता चिमटा. इथे तिचा हात पुढे यायचा. थांब, हे मी करते. या क्षणी आत कुणीच तसं म्हणत नव्हतं. तिने डोळे मिटले आणि पाय उचलला. मुद्दाम, जाणूनबुजून, फरशीपासून दोन बोटं वर, आणि तसाच अधांतरी धरला. मांडी थरथरायला लागली. ती मनात म्हणत होती, सैल कर. थांब. बघ. अजून थोडा. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. पुढे तो पाय आपोआप खाली आला आणि नुसता टेकला, कुणीही कुठेही टेकवावा तसा.

खार बाहेर आली तेव्हा टोपी अजून डोक्यावर होती आणि मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालावर. मोठ्या माणसांसमोर उभं राहतात तशी ती उभी राहिली, आणि तिने पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं सांगायला सुरुवात केली, मग मध्येच ते सोडून नेहमीसारखं बोलली. "अठ्ठावीस मिनिटं, मॅडम. सांधे कोरडे आहेत. चिमटा काढायला पाच मिनिटं घेतली. भूलवाले सर ओरडले, झोपलीस का म्हणून. पण मी आपलं तुमचंच म्हणत होते."

"माझं काय?"

"तुम्ही दर वेळी पुटपुटता ते. शेवटच्या इंचाला पाय सोडायचा. हातात चिमटा असताना तुम्ही पाय का म्हणता ते मला आठ वर्षांत कळलं नाही, पण जमतं त्याने."

आपण ते मोठ्याने म्हणतो हे तिला माहीत नव्हतं. ती काही बोलायच्या आत शेजारून आई हसली. आधी बारीक, मग पर्समध्ये तोंड घालून, मग आवरेनाच. खार गोंधळून दोघींकडे बघत राहिली. आई म्हणाली, "अगं बाई, ज्याचं वाक्य त्याच्यावरच चालवलंस की." मग मात्र आई रडली, आणि रडणं झाल्यावर तिने विचारलं, "पाय?" खारीने तिच्याकडे बघितलं. लेकच म्हणाली, ते उठल्यावर कळतं.

उठायला दुपारचे चार वाजले. मधल्या वेळात तिने काय केलं ते तिला नंतर आठवेना, बहुतेक जेवली. अतिदक्षता विभागात खिडकीतून ऊन आलं होतं, आणि यंत्रांच्या मध्ये वडील पलंगाच्या मानाने लहान दिसत होते. घशात नळी, हातापायाला तारा. दोन्ही मनगटांना तिने बोटं लावली. दोन्ही ठोके बरोबर आले, शेजारी चालणाऱ्या माणसांसारखे. भूलवाला उशाशी होता. खार भिंतीला टेकून उभी, हाताची घडी घट्ट. वडिलांनी डोळे उघडले, छत बघितलं, तिला बघितलं. ओळख पटली हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. नेहमी असं असतं की ती पायांशी जाऊन म्हणते, आजोबा, अंगठा हलवा बघू, आणि तिचं लक्ष अंगठ्यावर असतं. ती पायांशी गेली. पांघरूण वर केलं. हे पाय तिने नीट असे कधी पाहिले नव्हते. ते नेहमी बुटांत, पेडलवर. टाचा फुटलेल्या, उजव्या तळव्याला चवड्याखाली एक जुना पिवळा घट्टा. तिने दोन्ही तळव्यांना आपले तळहात लावले. अंगठा हलवा हे तिच्या तोंडून निघेना.

"बाबा," ती म्हणाली, "क्लच."

डावा पाय हलला. आधी बोटं, मग सगळा तळवा तिच्या हातावर आला, खाली गेला आणि सुटला. मागे आईने श्वास सोडला. खार पुढे आली.

"ब्रेक."

काही झालं नाही. यंत्राचा ठोका, बाहेर कुणाच्या तरी चाकाच्या खुर्चीचा आवाज. उजवा तळवा तिच्या हाताला टेकलेला होता, कोमट, जड, घट्ट्यासकट, आणि मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत होती. दोन. तीन. भूलवाल्याने काही म्हणायला तोंड उघडलं. आई म्हणाली, "थांबा हो. ते एकदम नाही मारत."

चार. पाच. मग तळहातावर किंचित वजन आलं. इतकं किंचित की आपलाच हात पुढे गेला असं तिला वाटलं. ते वाढलं. सावकाश, सारखं, कुठेही हिसका नाही, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, तिला रेटा देण्यासाठी एक पाऊल मागे टाकावं लागलं. आणि पुरता दाब आल्यावर, शेवटच्या इंचाला, तो पाय किंचित सुटला. केव्हा थांबला ते तिला कळलं नाही.